तीन नोडांचं अपग्रेड आणि एक विसरलेला हेल्थ मॉनिटर

या अपग्रेडला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या रात्री पावणेदोन तास काहीच होत नव्हतं. पहिलं ‘काहीच’ अगदी निरुपद्रवी होतं, दुसऱ्याने मात्र आम्हाला सगळं मागे घ्यायच्या काठावर नेऊन ठेवलं. दोन्ही वेळा दोष आमचाच होता, आणि नीट पाहिलं तर दोष एकच होता. तो कळायला मला पहाट उजाडावी लागली.

मांडणी अशी. ग्राहकाकडे व्हीएमवेअरचं व्हीरिअलाइझ ऑटोमेशन ७.३ चालू होतं. ते ७.४ वर न्यायचं होतं. ७.३ मे २०१७ मध्ये आलं आणि ७.४ एप्रिल २०१८ मध्ये, त्यामुळे ही उडी फार मोठी नव्हती. ज्यांनी हे उत्पादन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोक एका पोर्टलवर येऊन आभासी सर्व्हर मागतात, मंजुरी मिळते, आणि मागे हे सॉफ्टवेअर ते सर्व्हर उभे करून देतं. सातव्या मालिकेत त्याचे दोन भाग होते. एक लिनक्सवरचा तयार अप्लायन्स, ज्यात पोर्टल, ओळख तपासणी, पोस्टग्रेस डेटाबेस आणि रॅबिटएमक्यू ही निरोपांची रांग एकाच डब्यात असतं. दुसरा भाग विंडोजवरचा, ज्याला आयास म्हणतात. त्यात वेब सर्व्हर, मॅनेजर सर्व्हिस, प्रत्यक्ष कामं उरकणारे डेम वर्कर आणि एजंट येतात, आणि त्यांचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर असतो. पुढच्या आठव्या मालिकेत विंडोजचा भाग गेला आणि सगळं कुबरनेटिसवर आलं, पण ती वेगळी कथा.

आमच्याकडे तीन अप्लायन्स म्हणजे तीन नोड होते, एक मास्टर (मुख्य) आणि दोन रेप्लिका (त्याच्या प्रती). विंडोजचे आठ सर्व्हर. सगळ्यांच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या मागच्या सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा, आणि त्यावर क्लस्टरचं (नोडांच्या गटाचं) एक सामायिक नाव. हे सामायिक नाव लक्षात ठेवा, या प्रकरणाचा खरा नायक तोच आहे. की खलनायक म्हणू?

कागदावर अपग्रेड अगदी सोपं दिसतं. मास्टरच्या ५४८० पोर्टवर व्यवस्थापनाचं पान उघडायचं, ‘अपडेट’च्या टॅबवर जायचं, रेपॉझिटरी (अपडेट जिथून उतरवायचे तो साठा) निवडायची, ‘चेक अपडेट्स’ दाबायचं, नवी आवृत्ती दिसली की ‘इन्स्टॉल अपडेट्स’ दाबायचं. रेप्लिका नोड मास्टरच्या मागोमाग आपोआप अपग्रेड होतात. मग मास्टर रिबूट करायचा. त्याच्याबरोबर यशस्वी अपग्रेड झालेले रेप्लिकाही रिबूट होतात, आणि सगळ्या सेवा उभ्या राहिल्या की आयासचं अपग्रेड स्वतःहून सुरू होतं. माणसाने दाबायची बटणं जेमतेम तीन.

रेपॉझिटरीचे पर्याय तीन होते: निर्मात्याची ऑनलाइन रेपॉझिटरी, सीडी-रॉमला जोडलेली आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत), किंवा आपणच आतल्या वेब सर्व्हरवर ठेवलेली प्रत. माझं मत विचाराल तर क्लस्टरसाठी आतली प्रतच बरी. आधी निवांत उतरवून घ्यायची, चेकसम (फाइल वाटेत बदलली नाही हे सांगणारा आकडा) तपासायचा, आणि अपग्रेडच्या रात्री इंटरनेट नावाची गोष्ट मध्ये आणायचीच नाही. पण ग्राहकाच्या सुरक्षा विभागाचा नियम होता की अपडेट थेट निर्मात्याकडूनच यायला हवा, मधल्या कुणी हाताळलेली प्रत चालणार नाही. आयएसओचाही चेकसम तपासता येतो हे मी सांगून पाहिलं. नियम तो नियम. ठीक आहे, ऑनलाइन तर ऑनलाइन.

तयारीला आठवडा दिला होता आणि ती बऱ्यापैकी चोख झाली असं तेव्हा वाटत होतं. तिन्ही अप्लायन्सना १८ जीबी मेमरी आणि ४ प्रोसेसर आहेत का, पहिली डिस्क ५० जीबीची आहे का, मूळ विभाजनावर किमान साडेचार जीबी आणि मास्टरच्या डेटाबेसच्या विभाजनावर किमान ५ जीबी मोकळे आहेत का, हे सगळं पाहिलं. मूळ विभाजन एका रेप्लिकावर भरत आलेलं निघालं. शोधलं तर रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, घरात चार लॉग बंडल (नोंदींच्या फाइलींचे गठ्ठे) पडलेले. सहा महिन्यांपूर्वी एका तक्रारीसाठी मीच काढले होते आणि तसेच सोडून दिले होते. गुपचूप उडवले. (आता गुपचूप राहिलं नाही म्हणा.) लॉगच्या विभाजनावरच्या जुन्या झिप फाइलींनाही निरोप दिला.

विंडोजच्या बाजूला प्रत्येक सर्व्हरवर मॅनेजमेंट एजंट नावाची छोटी सेवा असते. अप्लायन्स याच एजंटच्या हातून विंडोजवरचं अपग्रेड करून घेतो, म्हणून तो मेला असेल तर पुढचं सगळंच अडतं. क्लस्टरच्या टॅबवर प्रत्येक नोडचा शेवटचा संपर्क कधी झाला ते दिसतं. सात सर्व्हर काही सेकंदांपूर्वीचे, आठवा दोन दिवसांपूर्वीचा. तिथली सेवा बंदच होती. सुरू केली, लगेच हिरवी झाली. अशी एखादी गोष्ट आधी सापडली की माणसाला उगाच आपण फार काळजीवाहू आहोत असं वाटायला लागतं.

पहिली रात्र शुक्रवारची होती. स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाण्यासाठी सर्व्हरची त्या क्षणाची अवस्था) काढले, ‘चेक अपडेट्स’ दाबलं, काही सेकंदांत ७.४ उपलब्ध आहे असं आलं. ‘इन्स्टॉल’ दाबलं. लॉगमध्ये पॅकेजं उतरवायला सुरुवात झाल्याची ओळ आली आणि ती तिथेच थांबली. वीस मिनिटांनी चूक आली, पॅकेज उतरवता आलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वेगळ्या पॅकेजवर अडलं, म्हणजे रेपॉझिटरीत फाइल नसल्याची ही गोष्ट नव्हती.

कारण समजायला अर्धा तास लागला. अप्लायन्स आधी रेपॉझिटरीतून एक छोटी एक्सएमएल फाइल आणतो, मॅनिफेस्ट. त्यात आवृत्ती आणि पॅकेजांची यादी असते. ‘चेक अपडेट्स’ तेवढंच वाचतो. ती फाइल इवलीशी, प्रॉक्सीतून (इंटरनेटच्या वाटेवरच्या मध्यस्थ सर्व्हरमधून) सरकन आली. ‘इन्स्टॉल’ मात्र यादीतली आरपीएम पॅकेजं आणायला जातो, आणि त्यातली काही शेकडो एमबींची असतात. ग्राहकाच्या प्रॉक्सीवर विषाणू तपासणी होती. ती फाइल पूर्ण स्वतःकडे उतरवून घेते, तपासते, आणि मगच पुढे सोडते. तोवर पलीकडे अप्लायन्सला एकही बाइट मिळत नाही. तो बिचारा वाट पाहून थकतो आणि जोडणी तोडतो. आम्ही आठवडाभर रोज ‘चेक अपडेट्स’ दाबून समाधान मानत होतो. पण बोगद्यातून सायकल गेली म्हणून ट्रक जाईलच असं थोडंच आहे!

या रात्री नुकसान काही झालं नाही. पॅकेजं पूर्ण उतरल्याशिवाय बसवायला सुरुवात होत नाही, त्यामुळे यंत्रणा जशी होती तशीच ७.३ वर होती. पोर्टल उघडून दिलं आणि झोपायला गेलो. त्या आठवड्यात सुरक्षा विभागाने तिन्ही नोडांसाठी आणि फक्त त्या एका पत्त्यासाठी तपासणीतून सूट दिली. यावेळी आम्ही मॅनिफेस्टवर न थांबता, तिन्ही नोडांवर शिरून यादीतलं सगळ्यात जाडजूड पॅकेज हाताने उतरवून पाहिलं आणि पुसून टाकलं. शुक्रवारचे स्नॅपशॉटही काढून टाकले. आठवडाभर यंत्रणा वापरात होती, त्या काळात लोकांनी नवे सर्व्हर उभे केले होते. तितक्या जुन्या अवस्थेत परत जाणं म्हणजे ते सर्व्हर पोर्टलच्या नोंदींतून गायब होणं. असा स्नॅपशॉट असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो हाताशी असला की रात्री तीन वाजता कुणाला तरी तो वापरायचा मोह होतो.

दुसरी रात्र पुढच्या शनिवारची, कामासाठी मिळालेली खिडकी रात्री दहा ते सकाळी सहा. मी, आमच्या टीममधला एक नवा मुलगा, ग्राहकाकडचे नेटवर्कचे सर, डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), आणि या सगळ्याच्या प्रमुख मॅडम. मॅडम पहिल्या रात्री नव्हत्या. दुसऱ्या रात्री त्या पूर्ण वेळ कॉलवर बसल्या, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळत होता.

सव्वादहाला विंडोज सर्व्हर बंद केले, मग अप्लायन्स. डीबीएनी एसक्यूएलचा बॅकअप घेतला. सगळं बंद असतानाच स्नॅपशॉट काढले. हा हट्ट माझा होता. चालू क्लस्टरचे स्नॅपशॉट तीन नोडांवर तीन वेगळ्या क्षणी निघतात. परत आल्यावर डेटाबेसचा मास्टर एका क्षणात, रेप्लिका दुसऱ्या क्षणात, आणि एसक्यूएल तिसऱ्याच क्षणात. मागे जायचं तर सगळ्यांनी हातात हात घालून एकाच क्षणाला जायला हवं, नाहीतर जाऊच नये.

सव्वाअकराच्या सुमाराला सगळं पुन्हा वर आलं. इथे एक बारीक गोष्ट घडली. तेव्हा ती कुणाला महत्त्वाची वाटली नाही. नेटवर्कचे सर लोड बॅलन्सरमागच्या सर्व्हरांच्या गटाबद्दल, म्हणजे पूलबद्दल, म्हणाले, “पूल लाल दिसत होता, मी हिरवा केला.” मी “बरं सर” म्हणालो आणि पुढे गेलो. लॉग मी जन्मभर वाचत आलोय, पण समोरच्या माणसाचं वाक्य काही नीट ऐकलं नाही.

अपग्रेडआधीच्या दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली डेटाबेसची. तीन नोड असले की पोस्टग्रेसची प्रतिकृती सिंक्रोनस ठेवता येते, म्हणजे मास्टरने लिहिलेलं रेप्लिकाने पोचल्याचं सांगितल्यावरच पक्कं होतं. या अवस्थेत मास्टर पडला तर रेप्लिका आपोआप मास्टर होतो. एरवी हे उत्तम. अपग्रेडच्या वेळी मात्र रेप्लिका खाली-वर होणार, मास्टरचे लिखाणाचे व्यवहार त्यांच्या होकाराची वाट पाहत लटकणार, आणि रिबूटच्या क्षणी कुणीतरी दुसराच गादीवर बसायला बघणार. म्हणून आधी असिंक्रोनस करून घ्यायचं. केलं. दुसरी गोष्ट लोड बॅलन्सरची: तिथे दोन्ही रेप्लिका बंद करायचे, फक्त मास्टर ठेवायचा, आणि हेल्थ मॉनिटर, म्हणजे मागचा सर्व्हर जिवंत आहे का हे पाहत राहणाऱ्या तपासण्या, काढून टाकायचे. सरांनी “झालं” म्हटलं. माझ्या यादीत बरोबरची खूण पडली.

बाराला दहा मिनिटं कमी असताना ‘इन्स्टॉल’ दाबलं. यावेळी पॅकेजं धडाधड उतरली. नव्या मुलाला मी अपडेटसीएलआय नावाच्या लॉगसमोर बसवलं होतं. थोड्या वेळाने तो घाबरून म्हणाला, “सर, यात तर अजून ७.३च लिहून येतंय. जुनंच बसवतोय का हा?” तसं दिसतं खरं. हा लॉग सुरुवातीला ज्या आवृत्तीवरून निघालो तीच दाखवू शकतो. पुढे काम सरकलं की आकडा बदलतो. “अरे, थांब जरा. चहा घे आणि मग बघ,” मी म्हटलं. त्याचा चहा होईपर्यंत ७.४ दिसायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला पुढचे तीन तास उपयोगी पडलं.

एक वाजून पाच मिनिटांनी मास्टर पूर्ण, रेप्लिकाही पूर्ण, आता मास्टर रिबूट करा असा संदेश आला. एक वाजून दहा मिनिटांनी रिबूट.

इथून पुढे पावणेदोन तास.

रिबूटनंतर सेवा उभ्या राहायला वेळ लागतो हे माहीत होतं. वीस-पंचवीस मिनिटं मी ढळलो नाही. ५४८०च्या पानावर सेवांची यादी असते आणि प्रत्येकीपुढे ‘रजिस्टर्ड’ यायला हवं. पावणेदोनला निम्म्याहून अधिक जागा कोऱ्या होत्या. दोनला तेवढ्याच कोऱ्या. अडीचला तेवढ्याच. मास्टर जिवंत होता, प्रोसेसर निवांत, मेमरी भरपूर, डिस्क मोकळी, डेटाबेस चालू. कुठेही आग नाही, धूर नाही. आजारी माणूस निदान कण्हतो तरी. हा नुसता छताकडे बघत पडला होता.

मॅडमनी शांतपणे विचारलं, “परत किती वाजता फिरायचं ठरलं होतं?”

“साडेतीन, मॅडम.”

“मग आता कशाची वाट बघतोय आपण?”

प्रश्न रास्त होता. हिशोब असा: स्नॅपशॉटवर परतायचं, एसक्यूएल परत आणायचं, अकरा सर्व्हर क्रमाने उठवायचे आणि तपासायचे, याला अडीच तास. सहाला पोर्टल उघडायचं तर साडेतीन ही शेवटची घटका. हे ठरवलं होतं ते डोकं थंड असताना, म्हणून मला ती मोडायची नव्हती. पण तिच्याआधी परतायचीही माझी तयारी नव्हती. बिघाड का झाला हे न कळता मागे गेलो असतो तर तिसऱ्या रात्री नेमक्या याच ठिकाणी येऊन पडलो असतो. आणि अप्लायन्सच्या अपग्रेडने एकही चूक नोंदवली नव्हती. मी म्हटलं, “मॅडम, साडेतीनपर्यंत द्या. एक मिनिटही जास्त मागणार नाही.” त्या “बरं” म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

एवढा वेळ आम्ही काय करत होतो? सगळं मास्टरच्या स्वतःच्या पत्त्यावरून तपासत होतो. ५४८०चं पान मास्टरच्या नावाने उघडलेलं. एसएसएच (दुरून लॉगइन) मास्टरच्या नावाने. पोर्टलचं आरोग्य सांगणारा एक पत्ता असतो, जो नोड ठीक असेल तर २०४ हे उत्तर देतो, म्हणजे ‘बोलायला काही नाही, सगळं बरं आहे’. तोही आम्ही मास्टरच्याच नावाने विचारत होतो, आणि सेवा अर्धवट असल्याने तो धड उत्तर देत नव्हता. पण त्या सेवा एकमेकींना हाक मारतात ती मास्टरच्या नावाने नाही. क्लस्टरमध्ये त्यांना एकच पत्ता ठाऊक असतो: लोड बॅलन्सरवरचं सामायिक नाव. शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही त्या रस्त्यावर जाऊन, पुढच्या दाराची घंटा वाजवून बोलतात.

हे मला सुचलं नाही, नव्या मुलाला सुचलं, आणि तेही चुकून. त्याने लॉगमधला एक पत्ता चिकटवून मास्टरच्या आतूनच कर्ल (पत्ता उघडून पाहणारी आज्ञा) चालवलं. तो पत्ता सामायिक नावाचा होता. जोडणी नाकारली. तो म्हणाला, “सर, माझं काहीतरी चुकतंय, लॅपटॉपवरून मास्टर उघडतो, आणि मास्टरवरून मास्टर उघडत नाही.”

त्या वाक्यावर मी खुर्चीत सरळ झालो. “सर,” मी नेटवर्कच्या सरांना विचारलं, “पूल आत्ता कोणत्या रंगाचा आहे?”

क्षणभर गप्प. मग, “लाल आहे.”

“मॉनिटर काढले होते ना?”

“रेप्लिका बंद केले. मॉनिटर… विंडोजवाल्या पूलचे काढलेत. अप्लायन्सचा राहिला वाटतं.”

लोड बॅलन्सरवर तीन प्रकारचे मॉनिटर होते: अप्लायन्सचा, वेबचा आणि मॅनेजर सर्व्हिसचा. वेबचा मॉनिटर ‘रजिस्टर्ड’ हा शब्द शोधतो, मॅनेजरचा ‘प्रोव्हिजनसर्व्हिस’ शोधतो, अप्लायन्सचा २०४ शोधतो. दोन काढले गेले, तिसरा राहिला. रिबूट झाल्यावर मास्टर काही मिनिटं अर्थातच २०४ देत नव्हता, मॉनिटरने त्याला मृत ठरवलं, आणि रेप्लिका आधीच बंद असल्याने पूलमध्ये कुणीच उरलं नाही. सामायिक नाव उचलणारं मागे कुणी नव्हतं.

तरीही एक प्रश्न उरत होता. मॉनिटर काही कायमची शिक्षा देत नाही. नोड बरा झाला की परत आत घेतो. रोजच्या रिबूटमध्ये कधी अडलं नव्हतं. सरांनी मॉनिटरचं पान उघडून वाचून दाखवलं आणि उत्तर तिथेच होतं. त्यावर मॅन्युअल रिझ्यूम चालू होतं. म्हणजे एकदा पाडलेला नोड, बरा झाला तरी, माणसाने हाताने उठवेपर्यंत पडलेलाच राहणार. कधीतरी एक नोड सतत वर-खाली होत होता तेव्हा कुणीतरी शहाण्या हेतूने ते लावलं होतं. एरवी तीनपैकी दोन नोड चालू असत, त्यामुळे एक पडून राहिला तर सकाळी कुणीतरी उठवायचं आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. आणि सव्वाअकराला सरांनी ‘लाल होता, हिरवा केला’ म्हटलं ते हेच होतं. स्नॅपशॉटसाठी सगळं बंद केलं तेव्हा मॉनिटरने तिघांनाही पाडलं होतं, आणि सरांनी हाताने उठवलं होतं. प्रकरणाचा उलगडा अपग्रेड सुरू होण्याच्या पस्तीस मिनिटं आधी मोठ्याने बोलला गेला होता, आणि मी “बरं सर” म्हटलं होतं.

दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी मॉनिटर काढला, मास्टर हाताने उठवला. सेवांच्या यादीत एक जागा भरली. मग दोन. मग एकदम पाच. आम्ही चौघं पडद्याकडे असे बघत होतो जणू निकाल लागतोय. तीन वाजून बावीस मिनिटांनी यादी पूर्ण झाली. आयासची सेवा तेवढी कोरी होती, पण ती विंडोजच्या बाजूची, तिची पाळी नंतर. साडेतीनला आठ मिनिटं होती. मॅडम म्हणाल्या, “चला पुढे.” त्यांनी स्वर बदलला नाही, पण कॉलवर कप ठेवल्याचा आवाज आला.

विंडोजचं अपग्रेड आपोआप सुरू झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि तेच चांगलं. पहिला वेब सर्व्हर अर्धा तास घेतो कारण डेटाबेसची रचना तिथूनच बदलते. बाकीचे त्यामानाने पटापट उरकतात. आपोआप न झालं तर अप्लायन्सवर हाताने चालवायची स्क्रिप्ट असते. तिच्यासाठी सर्व्हरनिहाय खात्यांची नावं आणि पासवर्ड भरलेली फाइल मी तयार ठेवली होती. ती लागली नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना आठही सर्व्हर पूर्ण झाले.

मग क्लस्टर परत जोडायचं काम. तिन्ही नोडांवर रॅबिटएमक्यूला विचारलं की तुझे सोबती कोण. तिघांनीही तीच तीन नावं सांगितली. डेटाबेसच्या टॅबवर एक मास्टर, दोन रेप्लिका, सगळे वैध. लोड बॅलन्सरवर दोन्ही रेप्लिका एकेक करून आत घेतले, आणि मॉनिटर परत लावले, मॅन्युअल रिझ्यूम बंद करून. सर म्हणाले ते कायमचंच बंद राहील. मी एक चाचणी सर्व्हर मागवला, पोर्टलच्या सामायिक नावावरून, एखाद्या साध्या वापरकर्त्यासारखा. तो उभा राहिला, त्यात लॉगइन केलं, आणि पाडून टाकला. मग दोन नोड बाहेर काढून तिसऱ्यावरून तेच केलं, आणि असं तिघांवरून फिरवलं. साडेपाचला पोर्टल उघडलं.

नंतर ग्राहकाला द्यायच्या अहवालात कारण काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली. कुणीतरी सुचवलं, ‘लोड बॅलन्सरची चुकीची मांडणी’. ते खरं आहे, पण त्यात सगळा भार सरांवर जातो, आणि तो मला पटेना. मॉनिटर काढल्याची खूण माझ्या यादीत होती, आणि मी ती त्यांच्या “झालं”वर केली होती, स्वतः काही पाहिलं नव्हतं. पहिल्या रात्रीचंही तेच. आमच्या सगळ्या तपासण्या खऱ्या होत्या, पण अपग्रेड ज्या वाटेने जाणार होतं त्या वाटेवरच्या नव्हत्या. प्रॉक्सीतून आम्ही मॅनिफेस्ट पाठवून पाहिला, पॅकेज नाही. नोड आम्ही लॅपटॉपवरून पाहिला, सामायिक नावावरून नाही. म्हणून अहवालात कारणाऐवजी दोन तपासण्या लिहिल्या. एक, प्रत्येक नोडावरून यादीतलं सगळ्यात मोठं पॅकेज प्रत्यक्ष उतरवणे. दोन, रिबूटआधी आणि रिबूटनंतर लगेच, मास्टरच्या आतून सामायिक नावाला कर्ल करणे, आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं कॉलवरच्या सगळ्यांना पाठवणे. मॅडमनी सही केली आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं: ‘तोंडी “झालं” चालणार नाही.’

स्नॅपशॉट मंगळवारी पुसले. तीन दिवस ठेवले ते पुरे होते, त्याहून जास्त ठेवले असते तर डेटास्टोअरने (आभासी सर्व्हर जिथे साठतात त्या जागेने) कुरकुर केली असती. बुधवारी नवा मुलगा डेटाबेसच्या टॅबवर काहीतरी शोधत होता आणि म्हणाला, “सर, हे असिंक्रोनसच ठेवायचं होतं का?” नव्हतं ठेवायचं. रविवारी पहाटे परत सिंक्रोनस करायचं राहून गेलं होतं. चार दिवस तीन नोडांचं ते क्लस्टर आपोआप सावरायच्या सोयीशिवाय चालत होतं, आणि सगळे दिवे हिरवे होते. मी बटण दाबलं, आणि अहवालात तिसरी ओळ लिहायला बसलो.